विश्लेषण : स्ट्रॉबेरी क्रीम की नाचणीची भाकरी? महाबळेश्वरच्या ताटात फायबर किती?

महाबळेश्वरच्या बाजारपेठेत सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी चक्कर मारली, तर एकाच रस्त्यावर दोन जगे दिसतात. एकीकडे स्ट्रॉबेरी क्रीमचे उंच ग्लास, मक्याचे पॅटिस, जॅम, क्रश आणि सिरपच्या बाटल्या. दुसरीकडे टोपलीत लाल मुळे, गाजरे, बीट आणि चण्या-फुटाण्यांची दुकाने. पर्यटकांचा ओढा पहिल्या बाजूला अधिक. फळांच्या गावाला जाऊन आलो म्हणजे दोन दिवस चांगले, आरोग्यदायी खाल्ले, अशा समाधानात अनेक जण पसरणी घाट उतरतात. मात्र या दोन दिवसांच्या खाण्याचा फायबरच्या दृष्टीने हिशेब मांडला, तर चित्र वेगळे निघते. पोटाच्या तक्रारींपासून मधुमेह आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगापर्यंत ज्याचा संबंध जोडला जातो ते फायबर नेमके काय आहे, ते किती लागते आणि आपल्या ताटातून ते कुठे गळते, याविषयी...

फायबर म्हणजे नेमके काय?

धान्य, डाळी, भाज्या आणि फळांमधला जो भाग आपल्या पाचकरसांना फोडता येत नाही आणि लहान आतड्यातून तसाच पुढे सरकतो, त्याला आहारातील तंतुमय पदार्थ किंवा फायबर म्हणतात. घरच्या भाषेत चोथा. हा शब्द थोडा अन्याय करणारा आहे, कारण चोथा म्हटले की टाकून देण्याची वस्तू डोळ्यांसमोर येते. विज्ञानानेही बराच काळ तेच केले. 'डाएटरी फायबर' हा शब्दप्रयोग वैद्यकीय लिखाणात आला तोच मुळी १९५३ मध्ये.

फायबरचे ढोबळ दोन प्रकार. पाण्यात न विरघळणारे फायबर गव्हाच्या कोंड्यात, धान्याच्या सालीत आणि पालेभाज्यांच्या देठांत असते. ते पाणी धरून ठेवते, मळाचे आकारमान वाढवते आणि तो पुढे सरकायला मदत करते. दुसरे विरघळणारे फायबर ओट्स, डाळी, इसबगोल आणि फळांचा गर यांत असते. पाण्याशी संयोग झाला की त्याचा बुळबुळीत, घट्टसर लगदा होतो. तो साखरेचे शोषण मंदावतो. शिवाय पित्तातील आम्ले त्यात अडकून मळावाटे बाहेर जातात. ती भरून काढण्यासाठी यकृताला रक्तातले कोलेस्टेरॉल वापरावे लागते. ओट्स किंवा इसबगोलने कोलेस्टेरॉल थोडे उतरते ते या मार्गाने.

विरघळणारे फायबर प्रत्यक्ष पाहायचे असेल, तर जॅमच्या बाटलीत पाहता येते. जॅम घट्ट होतो तो पेक्टिनमुळे, आणि पेक्टिन हे फळातले विरघळणारे फायबरच आहे. आम्ल आणि भरपूर साखर यांच्या संगतीत पेक्टिनचे जाळे तयार होते आणि पातळ रस गोठतो. पेरू, सफरचंदात ते मुबलक असते. स्ट्रॉबेरीत तुलनेने कमी, म्हणून स्ट्रॉबेरी जॅममध्ये बहुतेकदा ते वरून घालावे लागते. पण म्हणून जॅम हा फायबरचा स्रोत होत नाही. भारतीय अन्न मानकांनुसार जॅममध्ये विरघळलेले घन पदार्थ किमान ६५ टक्के असावे लागतात आणि त्यात सिंहाचा वाटा साखरेचा असतो. पोळीला लावलेल्या चमचाभर जॅममधून मिळणारे फायबर हिशेबात धरण्याइतके नसते.

मग स्ट्रॉबेरीत किती?

देशातील स्ट्रॉबेरीपैकी सुमारे ८५ टक्के महाबळेश्वर-पाचगणी परिसरात पिकते, असे सांगितले जाते. २०१० मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. चव आणि रंग याबाबत तिला तोड नाही. फायबरबाबत मात्र ती मध्यम विद्यार्थी आहे. १०० ग्रॅम स्ट्रॉबेरीत, म्हणजे सात-आठ मध्यम फळांत, साधारण २ ग्रॅम फायबर असते. तेवढ्याच वजनाच्या रास्पबेरीत ते ६ ग्रॅमच्या पुढे जाते. पेरूमध्ये तर ८ ग्रॅमच्या आसपास. स्ट्रॉबेरीचा बराचसा भाग पाणी असल्याने हे साहजिक आहे. फळ म्हणून ती खावीच, पण ताटातली फायबरची तूट तिच्या भरवशावर भरून निघणार नाही.

आता पर्यटकाच्या एका दिवसाचा अंदाजे हिशेब करू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय खाद्यपदार्थांचे घटक-तक्ते प्रसिद्ध केले. त्यानुसार १०० ग्रॅम मैद्यात फायबर पावणेतीन ग्रॅम आणि पांढऱ्या तांदळातही जवळपास तेवढेच. सकाळी ब्रेड-बटर आणि आम्लेट, म्हणजे दीड ग्रॅम. मधल्या वेळी मक्याचे पॅटिस, दोन ग्रॅम. दुपारी नान, जिरा राईस आणि पनीरची भाजी, फार तर सहा ग्रॅम. स्ट्रॉबेरी क्रीमच्या ग्लासात १०० ग्रॅम फळ धरले, तर दोन ग्रॅम. रात्री पिझ्झा किंवा नूडल्स, चार-साडेचार ग्रॅम. बेरीज सोळा ग्रॅम. क्रीम आणि साखरेतून आलेल्या उष्मांकांचा हिशेब वेगळाच.

लागते किती? जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत दहा वर्षांवरील प्रत्येकासाठी रोज किमान २५ ग्रॅम नैसर्गिक फायबर सांगितले आहे. सहा ते नऊ वर्षांच्या मुलांना २१ ग्रॅम आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलांना १५ ग्रॅम. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांची शिफारस दर हजार उष्मांकांमागे १५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दोन हजार उष्मांकांच्या आहारात सुमारे ३० ग्रॅम आहे. थोडक्यात, वर मांडलेला दिवस निम्म्यावर थांबतो. आणि हे केवळ सहलीपुरते नाही. पुण्या-मुंबईत कार्यालयीन आठवड्यात जे खाल्ले जाते, वडापाव, सँडविच, बिर्याणी, बिस्किटे, त्याचा हिशेब याहून फार वेगळा निघत नाही.

डोंगरातले ताट

याच डोंगरात काही दशकांपूर्वीचे जेवण या मापात कुठे बसते, हे पाहणे उद्बोधक आहे. ब्रिटिशकालीन सातारा गॅझेटियरमध्ये जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगरपट्ट्याची पिके म्हणून नाचणी आणि वरी यांची नोंद आहे. प्रचंड पाऊस, उताराची पातळ जमीन, अशा ठिकाणी तीच तग धरत. बटाटा आणि इतर 'विलायती' भाज्या इथे रुजल्या त्या एकोणिसाव्या शतकात. त्यात येथील तुरुंगात ठेवलेल्या चिनी कैद्यांच्या बागकामाचा वाटा होता. चायनामन फॉल हे धबधब्याचे नाव त्याच काळाची आठवण आहे. आज ज्यांना आपण महाबळेश्वरची खास गाजरे आणि मुळे म्हणतो, त्या मळ्यांच्या परंपरेची सुरुवात अशी आहे.

नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ११ ग्रॅम फायबर असते, पांढऱ्या तांदळाच्या जवळपास चौपट. दोन भाकऱ्यांना १२० ग्रॅम पीठ धरले, तर १३ ग्रॅम इथेच जमा. सोबत घेवड्याची उसळ घेऊ. सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तो राजमाच्याच कुळातला आहे आणि राजमात १०० ग्रॅममागे १६ ग्रॅमहून अधिक फायबर असते. ४० ग्रॅम कोरड्या घेवड्याचे साडेसहा ग्रॅम. वाटीभर पालेभाजीचे तीन ग्रॅम. एका वेळच्या जेवणात साडेबावीस ग्रॅम. दिवसभराच्या सहलीतल्या खाण्यापेक्षा जास्त, आणि तेही कोणताही 'सुपरफूड' न शोधता.

नाचणीत कॅल्शियमही १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असते. पण एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. नाचणी म्हणजे कितीही खावी असे धान्य नव्हे. तिच्यात दोन तृतीयांश कर्बोदकेच आहेत. मधुमेह असलेल्या व्यक्तीने चार भाकऱ्या खाल्ल्या, तर साखर वाढणारच.

हे ताट बदलले का? कारणे समजण्यासारखी आहेत. नाचणीची लावणी, कापणी, मळणी हे कष्टाचे काम, उत्पन्न बेताचे आणि वर रानडुकरे व गव्यांचा उपद्रव. त्याच जमिनीवर स्ट्रॉबेरी रोख पैसा देते. रेशनवर मिळतो तो प्रामुख्याने तांदूळ आणि गहू. भात शिजवायला सोपा, मुलांना आवडणारा. शेतकऱ्याने नाचणी सोडली म्हणून त्याला दोष देणे, तेही पुण्यातल्या वातानुकूलित कार्यालयात बसून, योग्य होणार नाही. फक्त या बदलाची एक किंमत पोषणात मोजली जाते आणि ती कोणत्याही हंगामाच्या जमाखर्चात दिसत नाही.

आतड्यात काय घडते?

आपण जे पचवू शकत नाही, ते मोठ्या आतड्यातले जिवाणू पचवतात. तिथे अब्जावधी नव्हे, तर लाखो कोटी सूक्ष्मजीव राहतात. ते फायबर आंबवून लहान साखळीची मेदाम्ले तयार करतात. त्यातले ब्युटिरेट हे आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य इंधन आहे. रक्तातल्या ग्लुकोजवर नव्हे, तर जिवाणूंनी बनवलेल्या या आम्लावर त्या पेशी मोठ्या प्रमाणात चालतात. अस्तर धडधाकट राहणे, दाह आटोक्यात राहणे, भूक व साखरेशी संबंधित संप्रेरकांचे संदेश, या सगळ्यांत या आम्लांचा सहभाग असतो.

फायबर मिळाले नाही तर? २०१६ मध्ये 'सेल' या नियतकालिकात महेश देसाई, एरिक मार्टेन्स आणि सहकाऱ्यांनी उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. मानवी आतड्यातले जिवाणू सोडलेल्या उंदरांना फायबरविना आहार दिल्यावर त्या जिवाणूंनी आतड्याच्या भिंतीवरील श्लेष्माचा संरक्षक थरच खायला सुरुवात केली. थर पातळ झाला आणि रोगजंतूंना वाट सोपी झाली. कारखान्याला कच्चा माल मिळाला नाही म्हणून कामगारांनी भिंतीच्या विटा काढाव्यात, तसा हा प्रकार. उंदरांतले निष्कर्ष माणसाला थेट लागू होत नाहीत, पण यंत्रणा कळते.

आपल्याकडचे संशोधनही आहे. पुण्यातील राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात योगेश शौचे यांच्या गटाने भारतीयांच्या आतड्यातील जिवाणूंचा अभ्यास केला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधात भारतीय व्यक्तींत प्रेव्होटेला आणि मेगास्फेरा हे जिवाणू ठळकपणे आढळले. प्रेव्होटेलाचे प्राबल्य जगभरात धान्य आणि वनस्पतिजन्य आहार घेणाऱ्या समाजांत दिसते. म्हणजे आपल्या आतड्यातली वस्ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या भाकरी-डाळीवर पोसलेली आहे.

पुरावे किती पक्के?

फायबरला आजची प्रतिष्ठा मिळवून देण्यात डेनिस बर्किट या आयरिश शल्यचिकित्सकाचा मोठा वाटा. युगांडात काम करताना त्यांना दिसले की, ब्रिटनमधल्या रुग्णालयांत रोज येणारे आजार, बद्धकोष्ठता, मूळव्याध, आतड्याचा कर्करोग, तिथल्या ग्रामीण लोकांत क्वचितच आढळतात. १९७० च्या दशकात त्यांनी अन्न शरीराबाहेर पडायला किती वेळ लागतो आणि मळाचे वजन किती, याची मोजमापे गोळा केली. ग्रामीण आफ्रिकेत साधारण दीड दिवस, तर ब्रिटिशांत त्याच्या दुप्पट. व्याख्यानांत ते मळाची छायाचित्रे बेधडक दाखवत, असे सांगतात.

बर्किट यांचे सगळेच दावे टिकले नाहीत. २००० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये दोन मोठ्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. जास्त फायबर किंवा गव्हाचा कोंडा दिल्याने आतड्यातील गाठी पुन्हा होण्याचे प्रमाण काही वर्षांत घटले नाही. फायबरच्या जाहिरातींत हा भाग सहसा नसतो. मात्र कर्करोग घडायला दशके लागतात आणि तीन-चार वर्षांची चाचणी त्यासाठी अपुरी, असा युक्तिवादही तितकाच वाजवी आहे.

सर्वांत वजनदार आधार २०१९ चा. 'लॅन्सेट'मधील या आढाव्यात न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातील संशोधकांनी १८५ निरीक्षणात्मक अभ्यास आणि ५८ चाचण्या एकत्र तपासल्या. सर्वाधिक फायबर खाणाऱ्यांत, सर्वांत कमी खाणाऱ्यांच्या तुलनेत, एकूण मृत्यू, हृदयविकार, पक्षाघात, टाइप २ मधुमेह आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग यांचे प्रमाण १५ ते ३० टक्क्यांनी कमी आढळले. रोज २५ ते २९ ग्रॅमच्या टप्प्यात फायदा स्पष्ट दिसला. निरीक्षणात्मक अभ्यासांची मर्यादा इथेही आहे. फायबर जास्त खाणारी माणसे एकूणच जपून राहणारी असू शकतात. पण चाचण्यांमध्येही वजन, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल उतरलेले दिसले, त्यामुळे हा निव्वळ योगायोग मानता येत नाही.

बदल किती लवकर दिसतो? २०१५ मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठाच्या स्टीफन ओकीफ यांच्या गटाने २० आफ्रिकन-अमेरिकन आणि २० ग्रामीण दक्षिण आफ्रिकी व्यक्तींच्या आहाराची दोन आठवडे अदलाबदल केली. अमेरिकींचे फायबर रोज ५५ ग्रॅमपर्यंत नेले, तर आफ्रिकींचे १२ ग्रॅमवर आणले. पंधरवड्यातच पहिल्या गटात आतड्याचा दाह आणि कर्करोगाच्या धोक्याशी निगडित खुणा घटल्या, दुसऱ्या गटात वाढल्या. आपल्याला अस्वस्थ करणारा भाग दुसऱ्या गटाचा आहे. पारंपरिक आहार सोडून बर्गर-फ्राइजकडे गेलेल्यांचा.

भारतात २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासानुसार १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आणि आणखी सुमारे १३.६ कोटींना मधुमेहपूर्व स्थिती आहे. याचे खापर एकट्या फायबरच्या तुटीवर फोडता येणार नाही. आहारातले पांढरे धान्य आणि साखर, बैठे काम, आनुवंशिकता, सगळेच त्यात आहे. पण भाताच्या जागी भाकरी आणि उसळ आली, तर यातल्या दोन गोष्टी एकदम बदलतात, हेही खरे.

फायबर कुठे गळते?

बरेचसे आपल्याच स्वयंपाकघरात. गव्हाचे पीठ बारीक चाळणीने चाळून कोंडा फेकला जातो. सफरचंद, काकडी सोलली जाते. फळांचा रस काढून चोथा टाकला जातो. आणि नाचणीचे सत्त्व. बाळाला आणि आजारी माणसाला दिले जाणारे हे सत्त्व करताना नाचणी भिजवून, मोड आणून, वाटून फडक्यातून गाळली जाते. खाली उतरतो तो मुख्यतः पिष्टमय भाग, फायबर फडक्यावर राहते. लहान बाळासाठी ते योग्यच आहे, पचायला हलके. पण चाळिशीतल्या माणसाने 'फायबरसाठी' सत्त्व पिणे म्हणजे नेमके हवे ते गाळून टाकणे.

दुसरी गळती बाजारात. 'नाचणी बिस्कीट' किंवा 'मल्टिग्रेन ब्रेड' घेताना मागे घटकांची यादी पाहावी. पहिला घटक मैदा असेल, तर पुढच्या बाजूचे चित्र विसरावे. अन्न मानके प्राधिकरणाच्या नियमांनुसार घन पदार्थाच्या १०० ग्रॅममध्ये किमान ३ ग्रॅम फायबर असेल, तरच त्याला 'फायबरचा स्रोत' म्हणता येते आणि ६ ग्रॅम असेल, तर 'हाय फायबर'. गंमत अशी की, साध्या घरच्या कणकेत ११ ग्रॅम असते आणि तिच्या पिशवीवर कोणी ते मोठ्या अक्षरांत लिहीत नाही.

महाबळेश्वरचे चणे मात्र जरूर घ्यावेत. अख्ख्या हरभऱ्यात १०० ग्रॅममागे सुमारे २५ ग्रॅम फायबर असते, त्यामुळे मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम, चण्यांतून सात ग्रॅमच्या आसपास मिळते. अट एकच, सालीसकट. साल काढलेल्या, मसाल्याने माखलेल्या प्रकारांत फायबर कमी आणि मीठ जास्त.

वाढवायचे कसे आणि कोणी जपून?

सोळावरून तीसवर एका दिवसात उडी मारू नये. जिवाणूंना सवय नसते, पोट फुगते, वात होतो आणि आठवड्यात माणूस पुन्हा ब्रेडकडे वळतो. दर आठवड्याला चार-पाच ग्रॅमची वाढ पुरेशी आहे. भाताऐवजी एका जेवणात भाकरी, दुसऱ्या आठवड्यात उसळ, मग रोज एक सालीसकट फळ. त्याबरोबर पाणी वाढवावे लागते. पाणी कमी आणि कोंडा जास्त झाला, तर बद्धकोष्ठता उलट वाढते. इसबगोल कोरडे गिळणे तर धोक्याचे आहे. ते घशात किंवा अन्ननलिकेत फुगून अडकू शकते. भरपूर पाण्यात मिसळून लगेच प्यावे आणि इतर औषधांपासून दोन तासांचे अंतर ठेवावे.

रक्तक्षय असलेल्यांसाठी आणखी एक मुद्दा. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक महिलांमध्ये रक्तक्षय आढळतो. धान्याच्या सालीत फायबरसोबत फायटेट असते, ते लोह आणि झिंकचे शोषण कमी करते. आपल्या आज्यांनी यावर तोडगा काढलाच होता. भिजवणे, मोड आणणे, आंबवणे याने फायटेट कमी होते आणि उसळीवर लिंबू पिळले की लोह अधिक शोषले जाते. लोहाची गोळी मात्र भाकरीच्या जेवणाबरोबर घेऊ नये.

आतड्याची शस्त्रक्रिया झालेले, आतडे अरुंद झालेले, क्रोन्ससारख्या दाहक विकाराचा जोर असलेले रुग्ण आणि पोटॅशियमवर बंधन असलेले मूत्रपिंडाचे रुग्ण यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय आहार बदलू नये. संवेदनशील आतड्याच्या म्हणजे आयबीएसच्या रुग्णांना घेवडा, राजमा त्रासदायक ठरू शकतात. त्यांना बहुधा इसबगोल अधिक मानवते. आणि शौचाची सवय काही आठवडे बदललेली राहिली, मळावाटे रक्त गेले किंवा कारण नसताना वजन घटू लागले, तर नाचणी, इसबगोल काहीही करून पाहत बसू नये. मूळव्याधच असेल असे गृहीत धरून दिवस काढण्याऐवजी आधी तपासणी करून घ्यावी.